वय अठरा पूर्ण

लातूर, ८ नोव्हेंबर २०२३

ती. उमाअक्का यांस,
मंजुश्रीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय, म्हणून कागद घेऊन बसले. तुमची बहीण रत्नम्मा गेल्यावर मी या घरात आले, ते तुम्हाला आवडलं न्हाई, ठाऊक आहे. पण विषय तिच्या लेकीचा आहे. शेवटपर्यंत वाचा.

पुनमचं लग्न ठरवून राहिलेत. उदगीरचं स्थळ, सोमेश नाव, स्पेअरपार्टचं दुकान. मुलगा तिशीला टेकलाय, आपली पोर आत्ता अकरावीत. मी ह्यांना म्हणाले, बारावी तरी होऊ द्या. तर म्हणाले, बिनआईची पोरगी, उद्या काय करून बसली म्हणजे? अन् तू तिची कोण?

खरं दुखणं पुढंच आहे. पोरगी खूष आहे. तुम्ही जुन्या परीकथा आजच्या पोरींच्या करून लिहिता, त्या कादंबऱ्या तिच्या उशाशी असतात. नव्या पुस्तकात ती राखेत झोपणारी पोरगी डाळ मिलमध्ये राबते, सावत्र आई तिला कोंडते अन् शेवटी बुलेटवरचा पोरगा येऊन सोडवतो. ते पान तिला तोंडपाठ आहे. मी नुसतं अभ्यास कर म्हटलं, तर म्हणाली, मंजुकाकू, तुला माझं सुख बघवत न्हाई.

ऐकली तर तुमचंच ऐकेल. तिच्याशी बोला. तब्येतीस जपा, उत्तराची वाट बघते.

आपली,
मंजुश्री


नांदेड, १७ नोव्हेंबर २०२३

सौ. मंजुश्री यांस,
स. न. वि. वि.

पत्र पोचले. तुमचे अक्षर सुंदर आहे, एवढे कबूल करते.

पुनम दर रविवारी मला फोन करते. तिचा मोबाईल काढून घेतला जातो, मैत्रिणींकडे जाऊ दिले जात नाही, हे मला कळते. रत्नम्माच्या साड्या वर्षाच्या आत वाटून टाकल्या गेल्या, हेही कळले होते.

अमरेशराव गेल्या आठवड्यात जावयाला घेऊन इथे आले होते. सोमेश मला नम्र वाटला. माझी दोन पुस्तके विकत घेतली, सही मागितली, पुनमला पुढे शिकवीन असा शब्द दिला. आता फक्त साखरपुडा, लग्न अठरा वर्षे झाल्यावर, असे अमरेशरावांनी सांगितले. मग तुमची तक्रार नेमकी कशाबद्दल? पोर त्या घरात गुदमरते आहे. तिला बाहेरचे दार दिसत असेल तर ते मी लोटून घेणार नाही.

साखरपुड्याला येते आहे. बाकी समक्ष.

उमादेवी


लातूर, ६ डिसेंबर २०२३

ती. उमाअक्का यांस,
शि. सा. न. वि. वि.

साखरपुडा सांगून लग्नच लावलं, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलं. आदल्या दिवशी पिशवीत मुंडावळ्या दिसल्या तेव्हाच मला कळलं होतं. १०९८ ला, त्या मुलांच्या हेल्पलाईनला, फोन मीच केला.

त्या बालसंरक्षणच्या बाई पोलीस घेऊन मांडवात आल्या. ह्यांनी पुनमचं आधार कार्ड दाखवलं, जन्मसाल बदललेलं. पुनमनं सांगितलं की लग्न माझ्या मर्जीनं आहे, सावत्र आई जळते म्हणून फोन केलाय. तरी बाईंना पटेना. त्यांनी तुम्हाला बाजूला घेऊन विचारलं की तुम्ही सख्ख्या मावशी, शिकलेल्या, तुम्ही सांगा पोरीचं वय. मी खांबाला टेकून उभी होते. पुनम तुमच्याकडं बघून राहिली होती. तुम्ही म्हणालात, अठरा पूर्ण. बाई निघून गेल्या.

संध्याकाळी ह्यांनी मला मारलं. ते जाऊ द्या. निघताना पोरगी सगळ्यांच्या पाया पडली, मी सोडून.

अक्का, का म्हणालात तसं? एवढंच कळवा.

मंजुश्री


उदगीर, ९ जून २०२४

प्रिय उमामावशीस,
पुनमचा शि. सा. न. वि. वि.

मोबाईल ह्यांच्याकडेच असतो, म्हणून शेजारच्या वर्षाराणीताईंना पत्र टाकायला देते आहे. तू कशी आहेस? नवीन पुस्तक कुठवर आलं?

मला पाचवा महिना आहे. डोकं फार दुखतं, पाय सुजतात. सासूबाई म्हणतात, होतंच सगळ्यांना. कॉलेजचं विचारलं की हे हसतात. तुझी पुस्तकं माळ्यावर टाकलीत, बायकांची डोकी फिरतात म्हणे त्यानं.

मावशी, तुझ्या गोष्टीतली ती, लग्न करून गेल्यावर दिवसभर काय करत असेल गं? रागावले नाही, सहज विचारते. इथं दुपार लई मोठी असते.

पप्पांना काही कळवू नको. मंजुकाकूला तर मुळीच नको.

तुझीच,
पुनम


नांदेड, २० जून २०२४

चि. सौ. मंजुश्रीस,
अ. उ. आ.

पुनमचे पत्र सोबत पाठवते. तुला दाखवू नको म्हणाली आहे, तरी पाठवते.

मी उदगीरला जाऊन आले. मला ओसरीवर बसवून चहा दिला. पुनम डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. चेहरा सुजलेला. दवाखान्याचे विचारले तर सोमेश हसून म्हणाला की मावशी, गोष्टी लिहा तुम्ही, घरचं आम्ही बघतो. मी उठून आले.

तू विचारले होतेस, का म्हणाले. त्या क्षणी नाही म्हटले असते तर पुनमने मला तुझ्या रांगेत बसवले असते. ते मला सोसले नसते. दुसरे कारण नाही.

तुला कसे जमेल ते कर, पण तिला डॉक्टरांना दाखव. माझ्या हातून काही होईना.

उमादेवी


लातूर, १९ ऑगस्ट २०२४

ती. उमाअक्का यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यावर मी उदगीरला दोनदा गेले. दोन्ही वेळा उंबऱ्यावरून परत पाठवलं. गेल्या सोमवारी पुनमला झटके आले तेव्हा कुठं त्यांनी गाडी काढली. लातूरच्या दवाखान्यात आणेस्तोवर बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. पुनम वाचली, पण उजवा हात उचलत न्हाई. बोलणं जड झालंय. सुधारेल का, डॉक्टर सांगत न्हाईत.

वय बघून दवाखान्यानं पोलिसांत कळवलं. ह्यांच्यावर, सोमेशवर गुन्हा दाखल झाला. माझा जबाब घेताना विचारलं की त्या दिवशी मांडवात वय कुणी सांगितलं. मी तुमचं नाव सांगितलं. बाईमाणूस, वयानं मोठ्या, म्हणून जीभ अडखळली, पण सांगितलं. ते मी मागं घेणार न्हाई.

ह्यांच्याविरुद्ध जबाब दिला म्हणून माझ्या सासऱ्यांनी घराचं दार बंद केलंय, म्हणून मी दवाखान्यातच राहून राहिले. पुढं एखादी खोली बघीन. त्याआधी घरून कपडे आणताना पुनमचं मागं राहिलेलं तुमचं ते डाळ मिलचं पुस्तक उचललं होतं, इथं वाचून काढलं. चांगलं लिहिता, अक्का. त्या पोरीसाठी मी रडले, अन् त्या सावत्र आईचा मलाबी राग आला.

तुम्ही आधी पोलिसांकडं जाऊन खरं सांगा, मग इकडं या. मी अडवणार न्हाई.

पुनम जागी असली की भिंतीकडं तोंड करते. माझ्या हातचं पाणी घेत न्हाई, नर्सबाईंनीच पाजायचं. दुपारी डोळा लागला की मात्र डाव्या हातानं माझा पदर धरते, घट्ट. सुटेपर्यंत मी उठत न्हाई.

माझ्यावर लोभ नसला तरी चालेल, तिच्यावर असू द्या.

मंजुश्री