वाटीतली लिंबाची फोड

बाई,

आमटी चाखायच्या आधी मी अजून पाण्याचा घोट घेते, तुम्ही शिकवलात तसा. राणीसावरगावच्या शाळेत येसराच्या आमटीची स्पर्धा होती आणि परीक्षक तुम्ही. बायकांनी घरची पातेली मांडली, तशा तुम्ही भडकलात. "पातेल्यावर नावं कोरलेली हायत. मग चव कशाची बघू, घराण्याची?" सगळी आमटी तुम्ही माझ्याकडून शाळेच्या एकसारख्या वाट्यांत ओतून घेतली आणि तोवर भिंतीकडे तोंड करून बसलात. पहिला नंबर मेंढ्या राखणाऱ्या घरच्या बाईचा आला, पाटलीणबाईंचा नाही. मला केवढा आनंद झाला होता. थोड्याच दिवसांत तुमची बदली चारठाण्याला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली. एसटीत ट्रंक चढवायला मी एकटीच होते. ती बाईसुद्धा आली नाही. तिच्या मेंढ्यांना गावात कुणी शेतात उतरू देत नव्हतं.

उद्या इथे पालममध्ये तशीच स्पर्धा आहे, परीक्षक मी आहे. दुपारी भरवणाऱ्यांचा माणूस घरी आला. निवांत चहा प्यायला. "काकू, वाट्या तुमच्या मनासारख्या एकसारख्याच ठेवू. फक्त अध्यक्षांच्या घरच्या वाटीत लिंबाची फोड असंल." उठताना माझ्या सुनेकडे बघून हसला. "अंगणवाडीत काम लागायलंय म्हनं तुमचं. लागू द्या की." तीही भाबडेपणानं हसली. त्याची मोटारसायकल अजून समोरच्या टपरीपाशी उभी आहे.

बाई, आता ती आमटी चांगली निघाली तरी मी भ्याले असं मलाच वाटेल, आणि वाईट निघाली तरी राग काढला असं. नुसतं भिंतीकडे तोंड करून भागणार नाही. म्हणून पिशवीभर लिंबं आणलीत. उद्या दारातच प्रत्येकीच्या हातात एक फोड देणार, वाटीत टाका म्हणून, आणि सगळ्यांचं होईपर्यंत पाठमोरी बसणार. तुमची निदान स्वतःची नोकरी होती. मी पणाला लावतेय ती दुसरीची, आणि तिला न विचारता. हे लिहून झालं की चुलीत घालीन, कुणाच्या हाती लागायला नको.

सून आत्ताच पिशवी उघडून विचारत होती, "आत्याबाई, एवढी लिंबं कशाला आणलाव?"

सरबताला, म्हणाले मी.