पंख्यातला चुरा

आई,
तुझा आत्ताच डोळा लागलाय, म्हणून उठवत नाही. हकीमकाकांबरोबर विमानतळावर जातेय, बाबांची शवपेटी आणायला. शुर्बा झाकून ठेवलाय. दोन घोट तरी घे.

कॉम्प्युटर उघडला होता. काकांकडची जुनी रॅम घातली, आता पटकन सुरू होतो. मॉस्कोहून बाबांचे सोबती फोन करतील तेव्हा लागेलच. बाबा म्हणायचे ना, "या डब्याला माझ्यापेक्षा जास्त दमा आहे." तो दमा कशाचा ते कळलं. त्याच्या आतल्या पंख्यात पावाचा चुरा अडकला होता. मॉस्कोला निघताना त्यांनी एक घास घेतलेलं नान तू बरोब्बर कॉम्प्युटरच्या वरच्या खिळ्याला टांगलंस, बोलताना नजरेसमोर असावं म्हणून. सहा वर्षं ते वाळून झडत होतं. पंखा अडकला की कॉम्प्युटर तापतो आणि आपोआप बंद पडतो.

तुम्ही शेवटचं बोललात त्या दिवशीही तेच झालं. तू म्हणालीस, "यायचं नसेल तर राहा तिकडेच," आणि पडदा काळा झाला. रागावून त्यांनी फोन कापला, असं धरून बसली आहेस तू. त्यांनी कापला नव्हता, आई. तुझं ते वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलंही नसेल.

नान उतरवून रुमालात बांधलंय, फेकलेलं नाही. परत आलेल्या माणसानेच ते संपवायचं असतं ना? संध्याकाळपर्यंत आम्ही त्यांना घेऊन येतो. त्या नानचं काय करायचं ते तू सांग.

निगोरा