'अ' नसलेल्या पिंजऱ्यातले उंदीर

उस्मानाबाद, १९७३

१२ फेब्रु.
आजही नळ कोरडा. पोरं प्रॅक्टिकलला आली तशी परत गेली. उंदरांसाठी मात्र काशीबाईंनी आडावरून घागर आणली. कॉलेजात रोजंदारीवर आहेत, पिंजरे झाडायला सांगितलं तर उंदरांशी गप्पाही मारतात.
बारा उंदरांच्या खाण्यात 'अ' जीवनसत्त्वाचे थेंब, बारांच्या नाही. हे दुसरे माझे 'बिन-अ'. त्यांच्या यकृतात को-एंझाइम क्यू नावाचं द्रव्य वाढायला हवं, कोलेस्टेरॉल तयार होणं मंदावायला हवं. दाखवता आलं तर पीएच.डी., नाहीतर यंदा नोंदणी संपतेच आहे.

२० फेब्रु.
बिन-अ चं वजन वाढायचं थांबलं. डोळे लाल, चिकट. वहीत लिहिलं : उत्तम.
काशीबाई नातीचं सांगत बसल्या. "दिवं लागायच्या येळंला पोरीला कायबी दिसंना झालंय बाई, उंबऱ्याला ठेचकाळती." तराजू जुळत नव्हता. हं हं केलं.

५ मार्च
बिन-अ चे डोळे स्वच्छ! वजन वाढतंय! खाणं तेच, मीच मळते. डोकं फिरायची पाळी आली आहे.

११ मार्च
तरीही यकृतं काढली. पीएच.डी.चे माझे गाइड, सर, म्हणाले होते, तारीख चुकवू नका. बर्फासाठी तीन दुकानं हिंडले. थर्मास मांडीवर घेऊन एस.टी.नं औरंगाबाद, सरांच्या प्रयोगशाळेत. धूळ, धूळ.

१४ मार्च
दोन्ही गटांत क्यू सारखं. कोलेस्टेरॉलही. सर म्हणाले, "हे दोन गट आहेत की एकच?" दोन वर्षं पाण्यात. येताना बसमध्ये रडले, शेजारणीला वाटलं घरात कुणी गेलं.

१७ मार्च
बिन-अ च्या पिंजऱ्यात भुशाखाली शेवग्याची वाळकी पानं. आवारात हिरवं तेवढं एकच झाड.
ओरडलेच. "काशीबाई, तुम्ही यांना पाला घातलात?"
"म्या घातला. रोज. आंधळी व्हायली होती की वो. तुमीच पोरांला शिकवत हुता, शेवग्यानं डोळं बरं हुत्यात म्हून."
"मग नातीला का नाही दिलात?"
"झाड कालिजचं, उंदरं बी कालिजची. कालिजचा पाला घरी कसा न्यू?"
संताप तसाच, आणि त्यात लाज. महिनाभर मी उंदरांच्या डोळ्यांची नोंद ठेवली. पोरीचं नाव काय, तेही विचारलं नव्हतं. आज विचारलं. सुमन.
स्टूल लावून स्वतः डहाळ्या तोडल्या, त्यांच्या पदरात टाकल्या.

२२ मार्च
सरांचं कार्ड. नव्या उंदरांची सोय करतो म्हणतात, वर्षभर मुदतवाढीचंही बघतो. पण दोन्ही गट सारखे झाले ते कोणाच्या हलगर्जीनं, नाव कळवा. नाव कळवलं की प्राचार्य काशीबाईंना घरी बसवणार. नाही कळवलं तर हलगर्जी माझी, आणि मुदतवाढ...
संध्याकाळी काशीबाई सुमनला घेऊन आल्या. मी तळहातावर शेंगदाणे धरले. पोरगी हसत हसत माझ्या मनगटाच्या बाजूला चाचपडत राहिली.
"पाला खाते का?"
"खाती. पाच दिस झालं."
धीर धरा म्हटलं. उंदरांना दहा-बारा दिवस लागले होते. माझ्या प्रयोगातून खात्रीनं कळलेलं तेवढंच.
सरांना पत्र लिहायला घेतलंय. 'पाला घातला' इथवर आलंय. कोणी, ते