मझार कोनी शे का?

२ डिसेंबर २०२४, सोमवार

आले बाई एकदाची नंदुरबारला! धानोऱ्याच्या रस्त्याला रिक्षा लागली आणि माझ्या शिंका सुरू झाल्या. दोन्ही बाजूंना मिरची वाळवायच्या पथारी, नजर पोचेल तिथवर लालच लाल. रिक्षावाला हसला. म्हणाला, आठ दिवसांत नाक मरतं, मग काही वाटत नाही. मी याच जिल्ह्यातली, नवापूरची, पण आमच्याकडे भात आणि तूर. मिरचीशी गाठ फक्त पाट्यावरची. पाच वर्षं पुण्यात काढून इथल्या मसाला कंपनीच्या आयटी विभागात आले, कारण घर जवळ. नाताळला बावीस तारखेलाच पळायचं, आईला तसं सांगूनही टाकलंय.

आयटी विभाग म्हणजे गेटजवळची पत्र्याची खोली. साहेब हिंमतराव, प्रोग्रामर योगेंद्र आणि आता मी. प्रिस्किला हे नाव साहेबांच्या तोंडी बसेना, म्हणून मी पहिल्याच दिवशी 'नवापूरवाल्या ताई' झाले. अख्ख्या कारखान्याचा कारभार कोपऱ्यातल्या एका जुन्या सर्व्हरवर. त्यावर धुळीसाठी टॉवेल टाकलेला. आणि सगळा कोड योगेंद्रच्या शर्टाच्या खिशात, पेनड्राइव्हमध्ये! मी विचारलं, विहिरीत पडला तर? तो म्हणाला, म्हणून तर मी विहिरीवर जात नाही ताई.

हे सगळं क्लाउडवर न्यायचं, हे माझं काम. दणक्यात करणार. ही रोजनिशी फोनमध्ये लिहितेय, वही मिरचीने लाल होते.

४ डिसेंबर, बुधवार

आज मिक्सिंगचा ड्रम पाहिला. खोलीएवढा, पोलादी, आत माणसाच्या उंचीची पाती. दुपारी दिवाल्या आत उतरून तो झाडतो. धडगावकडचा, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस. चार वाजता ड्रम सुरू करायची त्याची एक तऱ्हा आहे. आधी पान्याने तीन ठोके. मग 'दलपत' म्हणून हाक. कान लावून थोडा वेळ थांबतो, 'बरं, बस' म्हणतो. मग बॅटरी मारून आत बघतो. मग कुठे पडद्यापाशी जातो. तिथे प्रोग्राम चक्क अहिराणीत विचारतो : मझार कोनी शे का? आत कोणी आहे का? दिवाल्या टाइप करतो, 'नही'. मगच पाती फिरतात.

मला हसूच आलं. योगेंद्र मात्र हसला नाही. म्हणाला, ताई, तुले काय बदलनं ते बदल, पण त्या सवालले हात लावू नको. दलपत कोण, असं विचारलं तर पेनड्राइव्ह शोधायला लागला. असेल कोणी चहाला उशिरा येणारा.

९ डिसेंबर, सोमवार

पेनड्राइव्हची पूजा संपली! कोड आता एका जागी, सगळ्यांना दिसेल असा. बदल केला की तो आधी प्रोग्रामच्या क्लाउडवरच्या नकलेत आपोआप तपासला जाणार. मग दोन जणांची मंजुरी, आणि मगच कारखान्यात. एकाने लिहिलं तर दुसऱ्याने वाचायचंच. हा नियम माझा. मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर चिकटवलाय.

एकच घोळ झाला. तपासणी त्या सवालापाशी अडून बसायची. नकलेत ना ड्रम, ना दिवाल्या, उत्तर कोण देणार? मी एक ओळ घातली. विचारलं की आपोआप 'नही'. फक्त नकलेपुरती. साहेब खूश. वीस तारखेला मालकांचे पाहुणे येणार आहेत, तेव्हा ड्रम आपोआप चालताना दाखवायचा म्हणाले. तीन पन्नासला झाकण बंद, चारला सुरू, अशी वेळ मी लावून दिली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

योगेंद्र शहाद्याला लग्नाला गेला आणि साहेबांनी घाई मांडली. ड्रमचा नवा कोड आजच्या आज जाऊ दे, वीस तारखेपासून लागू. दुसरी मंजुरी कुठून आणू? योगेंद्रचा पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेला असतो. त्याच्या नावाने मीच मंजुरी दिली. माझाच कोड, माझीच मंजुरी, आणि समोर भिंतीवर माझाच नियम. चोरी केल्यासारखं वाटलं, पण एवढंच ना! असो.

१६ डिसेंबर, सोमवार

नकलेतली नोंद आज सहज चाळली. सवाल : मझार कोनी शे का? उत्तर : शे.

मी तर 'नही' लिहिलं होतं. सात वेळा तपासलं, ओळ तशीच आहे. ती नक्कल मुंबईतल्या कुठल्याशा इमारतीत चालते. तिथे ड्रम नाही, मिरची नाही, माणूस नाही. मग 'आहे' कोण म्हणतंय?

पासवर्डचं कळल्यावर योगेंद्र खूप भडकला. त्याने तो बदलला. बरोबरच केलं, मलाच लाज वाटली.

१८ डिसेंबर, बुधवार

योगेंद्रला नोंद दाखवली. त्याचा चेहरा उतरला. मग सगळं बोलला.

दलपत म्हणजे दिवाल्याचा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी ड्रम झाडायला आत उतरला आणि वेळ झाली म्हणून पाती फिरली. ती वेळ योगेंद्रनेच लावलेली. कंपनीने कागदावर लिहिलं की दलपत काम सोडून गावी गेला. योगेंद्रने दुसऱ्या दिवशी तो सवाल लिहिला.

मी दिवाल्याकडे गेले. तो बिडी विझवून शांतपणे म्हणाला, दलपत रोज बोलतो ना. मी ठोकलं की म्हणतो, शे. मी म्हणतो, बरं, बस. आणि मग चालू करतो.

तो बिचारा पुन्हा झाडू घेऊन कामाला लागला.

१९ डिसेंबर, गुरुवार

तपासणी बंद ठेवली, तरी बारा नोंदी. शे. शे. शे. बाराही तशाच.

नाही. शेवटची वेगळी आहे. 'बाई शे.'

कोणी चेष्टा करत असेल. ड्रमवर बायका कामाला नाहीतच. देवा, चेष्टाच असू दे.

२० डिसेंबर, दुपारी ३:२०

सापडलं. माझी ती ओळ — नकलेपुरती होती ती — खऱ्या ड्रमवर गेली आहे. तेरा तारखेला. दुसऱ्या कोणी वाचलं असतं तर दिसलं असतं. आजपासून ड्रम विचारणारच नाही. स्वतःच म्हणणार, नही. आणि दिवाल्या आत असेल तर?

मागे घ्यायचं बटण दाबलं. दुसरी मंजुरी हवी. माझाच नियम! योगेंद्र आज रजेवर, डोंगरात. फोन लागत नाही.

३:४४

साहेब पाहुण्यांबरोबर गेटवर. ऐकूनच घेत नाहीत. म्हणाले, ताई, आज नाट लावू नका.

जुना सर्व्हर असता तर प्लग उपटला असता. आता क्लाउडचं उपटू काय? ड्रमपाशी तो बंद करायचं लाल बटण आहे. पळते —

३:५२

आतून लिहितेय. बटणापाशी पोचले होते. हात पुढे केला होता — तेवढ्यात आतून ठसका. माणसाचा. वाटलं, दिवाल्याच, आधी त्याला बाहेर काढू. बटण राहिलं. उतरले.

आत कोणी नाही.

झाकण बसलं. तीन पन्नास. मीच लावलेली वेळ.

३:५४

नेटवर्क नाही. चहूकडे पोलाद. डोळ्यांत मिरची, अक्षरं दिसत — आई बावीसला वाट बघेल —

३:५६

पुन्हा ठसका. माझ्या पाठीशी. वळून बघणार नाही. नाही बघणार —

३:५८

तीन ठोके! दिवाल्या आला! हाक मारतोय. दलपत, दलपत —

ओरडतेय. शे! मी शे! प्रिस्किला — घसा चिरलाय, आवाज माझा वाटतच नाही — नुसतं शे, शे —

थांबलाय. कान लावलाय. ऐकू गेलं. देवा, ऐकू गेलं त्याला —

म्हणाला, बरं, बस.

झाकण बंद, बॅटरी मारता येत नाही — पावलं — लांब —

दिवाल्या, अरे मी —