कडेवरचे दोन ठोके

मी, वानिए बी सेरी, राहणार बेनेफ्ला, वय अठ्ठेचाळीस, धंदा कोकोची शेती, आणि गावच्या मुखवट्याच्या नाचात मुख्य ढोल वाजवणारा, आज गुरुवारी सकाळची प्रार्थना आटोपून हे लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी दारू पाजलेली नाही, फूस लावलेली नाही. मी घाबरलेलो आहे, पण घाबरून लिहिलेले मृत्युपत्र तेवढ्यामुळे रद्द होत नाही, असे ओगुस्तँ मास्तर सांगतात. वहीची पाने त्यांनीच दिली आणि बजावले, "सेरी, मुद्द्याला धरून लिही. पाद्रीबाबांसमोर बसल्यासारखा पाल्हाळ लावू नकोस." मी प्रयत्न करतो.

भीतीचे कारण असे. गेल्या महिन्यात शहरातल्या डॉक्टरने माझी छाती तपासली आणि काम काय करता म्हणून विचारले. मी ढोल म्हणालो. तो म्हणाला, "आता दुसऱ्याला वाजवू द्या." येत्या रविवारी आमच्या दिवंगत गावप्रमुखांसाठी नाच आहे. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत वाजवायचे आहे. मुखवट्याखाली माझा भाचा गूरे बी त्रा असणार आहे, म्हणून मी ढोल दुसऱ्याला देऊ शकत नाही. का, ते चौथ्या कलमात येईल. तिथवर पोहोचण्याचा धीर यावा म्हणून सोपी कलमे आधी घेतो.

एक. राहते घर माझी बायको मार्त हिचे. ती म्हणते, "तुम्ही गेलात की आधी तो गळका कोपरा दुरुस्त करून घेईन." तिने ते जरूर करावे. बारा वर्षे मी उद्या म्हणत आलो.

दोन. ओढ्याकाठची कोकोची बाग मार्त आणि दोन्ही मुली यांना समान. बागेतले जुने कोलाचे झाड तोडू नये. मी देवाशी बोललो तो बहुधा त्याच्याच खाली. गावातल्या प्रार्थनाघरात नेहमी कोणीतरी ऐकत असते.

तीन. शेजारी बोती याला माझे तीन पायांचे स्टूल. तीन वर्षांपूर्वी त्याने भरल्या गावात त्राला "लंगडी कोंबडी" म्हटले. माझ्या मरणाची वाट न पाहता स्टूल त्याला शनिवारीच पोचवावे. अट एकच: रविवारी त्याने ते पहिल्या रांगेत मांडून त्यावर बसावे. तिथून पाय नीट दिसतात.

चार. माझा ढोल त्राचा.

हे कलम एवढ्यावर संपायला हवे होते. पण तसे संपवले तर मी चांगला मामा म्हणून मरेन, आणि वर गेल्यावर ते टिकणार नाही.

त्रा चार वर्षांचा असताना त्याच्या डाव्या पायावर उकळते पामतेल सांडले. तीन बोटे एकमेकांना चिकटली. तो नऊ वर्षांचा झाला तेव्हा त्याचा बाप, जो आमचा तेव्हाचा नाचणारा, शेजारगावी नाचताना तळव्यात खिळा घेऊन आला आणि आठवड्यात जबडा मिटून गेला. नर्स धनुर्वात म्हणाली, गाव नजर लागली म्हणाले. मी दोन्हींना भ्यालो. त्याला पुरले त्या दिवशी माझी बहीण कोलेत हिने माझे मनगट धरले. "दादा, हा पोरगा मुखवट्याखाली जाता कामा नये. तू थांबव." मी जपमाळ हातात घेऊन हो म्हटले.

पोरगा आमच्या भाताच्या कोठारामागे नाचत राहिला. पायाला बाटल्यांची बुचे बांधायचा. चिकटलेली बोटे जमीन धरत नाहीत, म्हणून टाचेवर भार कसा तोलायचा ते तो दोन वर्षे एकटाच शिकला. सतराव्या वर्षी वडीलधाऱ्यांनी त्याला मुखवट्यासाठीच्या परीक्षेला उभे केले.

आमच्यात ढोल बोलेल तेच पाय बोलतात. ढोल्याने ठेका मध्येच तोडला की त्याच क्षणी पायही जागच्या जागी थांबला पाहिजे. मात्र तोडण्याआधी ढोल्या ढोलाच्या कडेवर हलकेच दोन ठोके देतो. ते फक्त नाचणाऱ्याला कळतात. ती खूण मिळणे हा नाचणाऱ्याचा हक्क आहे.

त्या दिवशी त्रा नाचायला लागला आणि मला त्याच्या बापाचे खांदे दिसले. मग तो मिटलेला जबडा दिसला. मी दोन ठोके दिले नाहीत. ठेका तोडला. पोरगा दीड पाऊल पुढे गेला आणि तोंडावर धुळीत पडला. सगळ्यांनी त्याच्या डाव्या पायाकडे पाहिले. माझ्या हाताकडे कोणी पाहिले नाही.

तो उठून म्हणाला, "मामा, पाय चुकला."

मी म्हणालो, "होतं असं."

देवासमोर माझा हिशेब एवढ्या दोन शब्दांवरून होईल असे मला वाटते.

तो शहरात गेला. तीन वर्षे मोटारस्टँडवर तांदळाची पोती उचलली, उघड्या ट्रकमध्ये झोपला, पहिली गाडी लागण्याआधी सिमेंटवर नाचला. परत येऊन त्याने दुसरी परीक्षा मागितली. या खेपेला मी ठोके इतके जोरात दिले की बोती ओरडला, "सेरी, कुणाचं दार वाजवतोयस?" त्रा उत्तीर्ण झाला. मला झोप आली नाही.

इथवर लिहून मी कागद मिटला होता. मेल्यावर उघडला असता. मेलेल्याला कोणी जाब विचारत नाही, म्हणूनच मी हे मृत्युपत्रात लिहीत होतो, हे माझ्या ध्यानात आले. तेव्हा कलम चार आजपासून लागू. दुपारी कोलेत आणि त्रा दोघांना बोलावून मी ते वाचून दाखवले. घडले ते लिहितो.

कोलेत म्हणाली, "मी थांबव म्हटलं होतं, दादा. पाड म्हटलं नव्हतं."

त्रा बराच वेळ डावा तळवा चोळत बसला. मग म्हणाला, "तीन वर्षं मी या पायाला शिव्या देतोय, मामा."

मी कागदाची घडी घातली.

"रविवारी ते दोन ठोके देऊ नका."

"खुळा आहेस का? मुखवटा घालून पडलास तर जन्मात पुन्हा घालता येणार नाही."

"माहितेय. कुठे तोडणार तेही सांगू नका. नाहीतर ढोल आत्ताच द्या, मी दुसरा माणूस बघतो."

पाच. मी कबूल झालो आहे. रविवारी मध्येच माझी छाती बंद पडली तर दुसऱ्या ढोल्याने ठेका उचलावा, मला बाजूला ओढावे, नाच थांबवू नये. मार्तने आरडाओरडा करू नये. तिला जमणार नाही, तरी लिहितो.

सहा. बहीण कोलेत हिला मी काहीही ठेवलेले नाही, कारण ज्याला मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे मास्तर सांगतात. "म्हणजे नेहमीसारखंच," ती म्हणाली. ती अंगठा आज देणार नाही. नाच पाहून देईन म्हणते.

देवा, तुझी इच्छा मला कळत नाही. मला फक्त ठेका नीट तोडू दे.

लिहून देणार: वानिए बी सेरी
ठिकाण: बेनेफ्ला. गुरुवार, १७ जानेवारी २०१९

साक्षीदार पहिला: इरिए बी ओगुस्तँ, शाळामास्तर. सही.

साक्षीदार दुसरी: वानिए लू कोलेत. डाव्या हाताचा अंगठा. रविवार, २० जानेवारी, दिवस मावळताना. बाईंच्या सांगण्यावरून पुढचे मी, ओगुस्तँ, लिहितो: कडेवर ठोके दिले गेले नाहीत. ठेका तुटला तेव्हा डावे पाऊल हवेत होते, ते हवेतच थांबले. ढोल त्राच्या ताब्यात दिला. लिहून देणारे आमच्यासमोर बसलेले आहेत. वाजवून सुजलेले हात पाण्याच्या घमेल्यात आहेत, आणि पाणी अजून हलते आहे.