आवडीचा नियम

बाई, तुम्हाला हसू येईल, पण हल्ली नियम मी करते. पालघरच्या ज्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते, तिथे यंदापासून अकरावी-बारावीच्या मुलांना पदवीच्या वर्गात बसून एखादा विषय शिकता येतो, आणि तो एकच अभ्यास इकडे बारावीलाही धरतात आणि पुढे पदवीलाही. कागदावर त्याला श्रेयांक म्हणतात, मुलं सरळ क्रेडिट म्हणतात. नियमावली करायचं काम प्राचार्यांनी माझ्या गळ्यात घातलं. मीही हौसेने केलं. हजेरी किती हवी, पालकांची सही कुठे, आपल्या वर्गाचा तास बुडवून इकडे यायचं नाही, सगळं लिहिलं. शेवटी एक नियम माझ्या पदरचा घातला, की जागा कमी पडल्या तर ज्याला विषयाची खरी आवड आहे त्यालाच घ्यावं, आणि ती आवड मुलाखतीत पाहावी. तो लिहून झाल्यावर मी स्वतःवर इतकी खूश झाले की उठून चहा करून प्यायले.

तुमचे नियम कुठे लिहिलेलेच नव्हते. बोईसरच्या आपल्या कॉलेजात खाली अकरावी-बारावी, वर पदवीचे वर्ग, आणि तुम्ही दोन्हीकडे शिकवायच्या. अजून डोळ्यांसमोर आहे, मी अकरावीत आहे आणि दुपारची वरच्या प्रयोगशाळेच्या दाराशी घुटमळते आहे. तुम्ही चष्म्यावरून बघता. "काय गं, कुणाला शोधतेस?" मी म्हणते, "कुणाला नाही. इथे बसू का?" तुम्ही म्हणता, "बस." झालं, एवढाच माझा प्रवेश. मग जसजसे दिवस गेले तसतसे तुमचे नियम बाहेर पडायला लागले. खालचा तास बुडवायचा नाही. मोठ्या मुलांनी हात टेकल्याशिवाय आपण तोंड उघडायचं नाही. आणि उपाशीपोटी ॲसिडच्या बाटलीला हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम मी पुढे कुठल्याही प्रयोगशाळेत पाहिला नाही. "जेवलीस का?" हा रोजचा पहिला प्रश्न, आणि मी हो म्हटलं तरी माझ्या तोंडाकडे बघून तुम्हाला खरं काय ते कळायचं. आत खायला बंदी, म्हणून बाहेरच्या जिन्यात बसून तुमचा डबा उघडायचा. तुम्ही सोलापूरकडच्या, इतकी वर्षं तारापूरच्या टाउनशिपमध्ये काढलीत पण डब्यातली ज्वारीची भाकरी काही सोडली नाहीत. शेंगदाण्याची चटणी तर अशी, की पुढचा अख्खा तास माझे कान गरम.

रागावलातही होतात एकदा, आणि चांगल्याच. एका मोठ्या मुलाचं उत्तर चुकलं आणि मी फिस्सकन हसले. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "शिकायला आलीस की हसायला? बाहेर उभी राहा." मी बाहेर उभी राहून रडून घेतलं. तास संपल्यावर तुम्ही डबा घेऊन आलात, शेजारी बसलात, आणि त्या विषयावर एक शब्द न काढता अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवलीत. तुमचा जुना पांढरा ॲप्रनही तुम्ही मला त्याच आठवड्यात दिलात. बाह्या आखूड करून दिला होतात. मला अजून तुमच्यासारखं रागावता येत नाही. मी रागावले की मुलं घाबरतात आणि लांब राहतात.

एक गोष्ट मात्र तुम्ही सगळ्यांना सांगायच्या. माझे बाबा रंगाच्या कारखान्यात होते, कितीही घासलं तरी त्यांच्या हातांचा पिवळेपणा जायचा नाही. नवीन कोणी मास्तर आले की तुम्ही मला पुढे करून म्हणायच्या, "हिच्या वडिलांच्या हाताचा रंग का निघत नाही ते हिला शोधायचंय. म्हणून आलीय ही. याला म्हणतात आवड." मी मान खाली घालायची. मी लाजले असं तुम्हाला वाटायचं.

तर आमच्या मुलाखती झाल्या. एक जागा उरली आणि दोन मुलं. पहिला मुलगा बोईसरचा, वडील कंपनीत मॅनेजर. संशोधनाची लहानपणापासून ओढ आहे, असं त्याने न अडखळता सांगितलं. पाठ केलेलं असेल, पण पोरगा वाईट नाही. दुसरी मुलगी इथल्याच, पालघरजवळच्या माहीमची, कोळ्यांची. आई टोपली घेऊन पालघरच्या बाजारात बसते, बाप होडीवर. मी विचारलं, रसायनच का घ्यायचंय? ती माझ्याकडे बघून म्हणाली, "खरं सांगू मॅडम? मला त्यातलं अजून काय कळत नाय. त्या दिवशी वर्ग बघाय आली तवा तुमी मागं बसू दिलात ना, मला लय बरं वाटलं. घरी आये येईपरत कोणीच नसतं. मी इथं बसली तर चालंल ना?" माझ्या शेजारचे सर पेन खाली ठेवून म्हणाले, "घ्या. आवड नाही हे तीच सांगते आहे. मॅडम, नियम तुमचाच आहे." त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझ्या हातात यादी होती आणि त्या मुलीच्या नावावर काट मारायची होती, आणि बाई, मी ती यादी उलटी करून टेबलावर ठेवली.

मी म्हटलं, हा नियम काढून टाकू. सर म्हणाले, असा मध्येच? मी म्हटलं, मध्येच. चुकीचा आहे. दोघांनाही सत्रभर बसू द्या, मी एक स्टूल जास्तीचं टाकते, आणि आवड विचारायचीच असेल तर सत्र संपताना विचारा. बरीच वादावादी झाली. प्राचार्य कपाळाला हात लावून बसले. शेवटी त्यांनी मान्य केलं, पण विचारलं, "याला आधार काय?" मी म्हटलं, अनुभव. कुणाचा ते सांगितलं नाही. काल ती मुलगी आली तेव्हा दारातच मी विचारलं, "जेवलीस का?" ती हो म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला घेऊन जिन्यात गेले.

म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही हे मलाही कळतं. पण तेवढं एक सांगायचं राहिलं होतं. बाबांच्या हाताच्या रंगाचं मला काडीचं कुतूहल नव्हतं. उलट त्या रंगाचा वास मला नकोसा व्हायचा. बोईसरजवळ कुंभवलीला आमची एकच खोली, बाबा रात्रपाळी करून दिवसा झोपलेले, आई कामाला गेलेली, भांडं वाजेल म्हणून मी ताटही वाढून घ्यायची नाही. एक दिवस वरच्या मजल्यावरून जाताना तुम्ही कुणा मुलाला विचारत होतात, "जेवून आलास का रे?" ते माझ्या कानावर पडलं. दुसऱ्या दिवशी मी तुमच्या दाराशी उभी होते. रसायन मला फार पुढे आवडायला लागलं, बाई. मी आले होते ते तुम्ही मलाही तसं विचाराल म्हणून.