शंभराव्या दिवशी उपटलेली सलगमाची झाडे

दिनांक : २७ मे, रेइवा ७ (इ.स. २०२५)

प्रति,
मा. विभागप्रमुख,
उद्याने व हरित क्षेत्र विभाग,
हिनोकावा नगरपालिका.

विषय : नदीकाठच्या सामुदायिक बागेतील हिरव्या कचऱ्याच्या कुलूपबंद कुंपणात पडलेली सलगमाची झाडे यंत्रात जाण्यापूर्वी अर्जदारास परत मिळणेबाबत, आणि ती परत दिल्याचे बागेतील कोणासही न कळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा मुदतवाढीचा मार्च महिन्यातील अर्ज.
२) त्यास अनुसरून आपल्या विभागाने वाफा क्र. १७ वर लावलेली पाटी.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये, मी खाली सही करणार तोकुरा इकुओ, वय ७१, सदर बागेतील वाफा क्र. १७ चा धारक, सविनय अर्ज करतो की,

१. माझी पत्नी सायोको हिचे १५ फेब्रुवारी रोजी निधन झाले. वाफ्याची मुदत मार्चअखेर संपत होती आणि नियमाप्रमाणे वाफा उघडा, सपाट, मुळासकट साफ करून परत करावयाचा होता. मी २० जूनपर्यंत मुदतवाढ मागितली आणि आपण ती दिली, त्याबद्दल मी आजही ऋणी आहे. माझ्या अर्जात कारण 'बी धरण्यासाठी' असे होते. तसे कारण आपल्या यादीत नसल्याने खिडकीवरील बाईंनी माझ्या दंडावरची काळी फीत पाहून, मोठ्या कनवाळूपणाने, 'शोककारणास्तव' असे नोंदवले. पाटीवरही तेच आले. मी त्यावर हरकत घेतली नाही, कारण ते खोटेही नव्हते.

२. सदर सलगम हे बाजारात मिळणारे नव्हे. पत्नीच्या माहेरी, उनोसावा या डोंगरातल्या गावी, ते पिढ्यान्‌पिढ्या होत असे. बाहेरून तांबडे, आत पांढरे, आणि व्हिनेगरमध्ये मुरवले की सगळेच गुलाबी होते. आता त्या गावात शेती करणारे कोणी उरलेले नाही. तिच्या भावजयीच्या कपाटात चहाच्या डब्यात शेवटचे बी सापडले, ते इतके जुने होते की ठेवून उपयोग नव्हता. पत्नीने गेल्या ऑगस्टअखेर ते सगळेच्या सगळे वाफ्यात पेरले. निम्मेही उगवले नाही. म्हणजे आज जगात हे बी कुठे असेल, तर ते आपल्या कुंपणात, कुलपाच्या आत आहे.

३. मी स्वतः बागकाम जाणणारा माणूस नव्हे. हयात पाणीपट्टीच्या कचेरीत गेली. पत्नीला तिचा आजार समजला त्याच आठवड्यात तिने आपल्या बागेतील नवशिक्यांच्या वर्गात नाव घातले, तिचे नव्हे, माझे. मी म्हणालो, या वयात मी मातीत हात घालू काय. ती म्हणाली, "अहो, मी गेल्यावर तुम्ही टीव्हीसमोर बसून बसून खुर्चीसारखे व्हाल. निदान माती तरी लागू दे नखांना." वर्गाच्या शिक्षिका वाकुईबाई यांनी मला वाफा खणायला, बोटाच्या पेराएवढे खोल बी टाकायला, दाट रोपांतून विरळणी करायला शिकवले. विरळणी मला जमेना. चांगली, जिवंत रोपे उपटून टाकायची म्हणजे माझा हात थांबायचा. मग पत्नी मागून म्हणायची, "उपटा हो. त्यांना राग येत नाही."

४. नोव्हेंबरात बियाण्याचे कंद निवडायचे असतात. सगळे उपटायचे, धुऊन ओळीने मांडायचे, त्यातून जे बी धरायला योग्य ते परत मातीत लावायचे आणि उरलेले खायचे. पत्नी दुलईत गुंडाळून घडीच्या खुर्चीवर बसली होती. तिने मला निवडायला सांगितले. मी अर्थातच सर्वांत मोठा कंद उचलला. तिला इतके हसू आले की खोकला लागला. म्हणाली, "मोठा बघून मी नवरा निवडला, तेवढं पुरे झालं. खांदे बघा त्याचे, शेपूट बघा. एकच सरळ शेपूट पाहिजे." मग तिने बोटाने दाखवले तेवढे मी परत लावले. त्यानंतर ती बागेत आली नाही. म्हणजे वाफ्यात उभी होती ती झाडे तिने स्वतः निवडलेली होती. ही बाब निर्णय देताना विचारात घ्यावी, ही विनंती.

५. एप्रिलमध्ये झाडांना पिवळा फुलोरा आला. शेजारच्या वाफ्यांत मिझुना आणि कोमात्सुना या पालेभाज्यांचीही फुले होती. ही सगळी एकाच कुळातली. मधमाशी इकडून तिकडे गेली की बी भेसळीचे होते. म्हणून वाकुईबाईंच्या सांगण्यावरून मी वाफ्यावर बारीक जाळी बांधली. जाळीत माशी येत नाही, तेव्हा माशीचे काम माणसाने करायचे. मी पत्नीचा सुलेखनाचा मऊ कुंचला घेतला आणि रोज सकाळी जाळीत डोके घालून एका झाडाच्या फुलावरून दुसऱ्या झाडाच्या फुलावर फिरवू लागलो. हे काम मला आवडत होते. विरळणी जमली नाही, पण हे जमले, असे मी तिच्या फोटोला रोज सांगत असे. मे महिन्यात शेंगा भरल्या आणि पिवळट पडू लागल्या. पावसाळी दिवस सुरू होण्यापूर्वी त्या वाळल्या असत्या.

६. आता मूळ घटना. गेल्या रविवारी, २५ मे रोजी, बागेची सामूहिक साफसफाई होती. योगायोगाने त्याच दिवशी पत्नीचा शंभराव्या दिवसाचा विधी होता, म्हणून मी उनोसावाच्या देवळात गेलो होतो. सोमवारी सकाळी कुंचला घेऊन बागेत आलो. वाफा क्र. १७ कोरा होता.

इतका स्वच्छ वाफा मी आयुष्यात पाहिला नाही, महोदय. माती चाळलेली, कडा दोरी लावून सरळ केलेल्या, जाळी धुऊन घडी घातलेली. माझे खुरपे घासूनपुसून, तेल लावून ठेवलेले. कडेला हातरुमालात बांधलेले भाताचे गोळे. आणि वाफा क्र. १६ चे श्री. कुगा व क्र. १८ च्या श्रीमती नेमोतो हे दोघे, हातमोजे काढून, माझी वाट पाहत उभे.

श्री. कुगा हे निवृत्त बसचालक असून त्यांचे दोन्ही गुडघे निकामी आहेत. त्यांनी अर्धा दिवस उकिडवे बसून माझी झाडे एक एक करून, मुळे न तुटू देता, उपटली होती. ते खाली मान घालून म्हणाले, "तोकुरासाहेब, रागावू नका. तुम्ही रोज त्या जाळीत डोकं घालून फुलांना कुंचला लावत बसायचात, ते आम्हाला बघवेना. पाटी वाचली होती. विचारणार तरी कसं? म्हटलं, तुम्ही सायोकोवहिनींच्या विधीला गेलात तेवढ्यात आपणच उरकून टाकू. हे तुमच्या हाताने करायची वेळ येऊ नये."

मी वाकून नमस्कार केला. म्हणालो, तुम्हाला फार तसदी दिली, उपकार झाले. दोनदा म्हणालो. मग भाताचे गोळे घेतले आणि घरी आलो. घरी आल्यावर मी दारालगतच्या जेनकानमध्येच, बूट न काढता, बसून राहिलो. केव्हा अंधार झाला ते कळले नाही.

७. यात कोणाची चूक आहे, असे माझे म्हणणे नाही. फुलावर गेलेली भाजी म्हणजे दुर्लक्षित भाजी, हे बागेतले कोणीही सांगेल. शोकात असलेल्या माणसाला थेट विचारायचे नसते, हेही आपण सारे लहानपणापासून शिकलो आहोत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही विचारले नसते, मुकाट्याने उपटून टाकले असते. आपल्या छापील नमुन्यातील 'तक्रार कोणाविरुद्ध' हा रकाना म्हणून मी रिकामा सोडला आहे. तो भरल्याशिवाय अर्ज दाखल होत नसल्यास तेथे माझेच नाव घालावे.

८. सदर झाडे कुंपणात टाकलेली आहेत. शेंगा पिवळट पडलेल्या असल्याने, झाडे तशीच मुळासकट उलटी टांगून सावलीत वाळवली तर आतले बी पक्व होऊ शकते, असे वाकुईबाईंनी वर्गात सांगितले होते. मात्र लवकर. ढीग आतून तापू लागला की बी मरते. त्यातून येत्या गुरुवारी तुकडे करणारे यंत्र येणार आहे.

मी आज कचेरी उघडताच आपल्याकडे दूरध्वनी केला. उत्तर मिळाले की कुंपणात पडलेला कचरा ही नगरपालिकेची मालमत्ता असून, तो टाकणाऱ्यानेच मागितला तरच परत देता येतो. कर्मचारी अत्यंत सौजन्याने म्हणाले, "मग सोपं आहे की. ज्यांनी टाकला त्यांनाच एक सही करायला सांगा, लगेच कुलूप उघडतो."

महोदय, तेवढेच मला शक्य नाही. श्री. कुगा यांना मी काय सांगू? की त्या गुडघ्यांनी अर्धा दिवस बसून तुम्ही जे उपटलेत, ते माझ्या बायकोचे उरलेसुरले होते? ते मनाला लावून घेणारे गृहस्थ आहेत. ते पुन्हा बागेत येणार नाहीत. त्यांना घरी कोणी नाही, बाग तेवढी आहे.

९. हा अर्ज येथे संपवावा असा माझा विचार होता. परंतु आज सकाळी आणखी एक गोष्ट घडली. ती न सांगता सही केली तर मी आपल्यापासून काही लपवले असे होईल.

मी आज पुन्हा बागेत गेलो होतो. काम काही नव्हते, पण दुसरीकडे कुठे जावे ते सुचेना. कोऱ्या वाफ्याजवळ उभा असताना श्रीमती नेमोतो आल्या. मग, शोकातल्या माणसाशी बोलावे तसे इकडे तिकडे बघत, हळू आवाजात म्हणाल्या,

"एक विचारू? घाई मुळीच नाही. सायोकोताई म्हणाल्या होत्या, त्यांच्या माहेरच्या त्या तांबड्या सलगमाचं बी मला देणार आहेत. म्हणाल्या, मी नसले तरी ह्यांच्याकडून मागून घ्या, ह्यांना मी सगळं शिकवून ठेवलंय. शिवाय म्हणाल्या, तुम्ही नाही मागितलंत तर हे घराबाहेर पडायचे नाहीत. तेव्हा बी धराल तेव्हा चिमूटभर मलाही ठेवा. पुढच्या हंगामाला कोणता वाफा घेणार आहात?"

त्यांना ठाऊक नव्हते. फुलोरा आलेले सलगम आणि मोहरी यांत फरक ओळखणारी माणसे आता थोडी आहेत. त्यांना वाटले, वाफ्यात नुसते रान माजले आहे. त्यांच्या हातमोज्यांना अजून माझ्या वाफ्याची माती होती. त्या माझ्या तोंडाकडे आशेने पाहत होत्या.

मी म्हणालो, "देतो. ऑगस्टअखेर पेरायचं असतं, त्याच्या आधी आणून देतो. कसं पेरायचं तेही दाखवतो."

त्यांना फार आनंद झाला. त्यांनी दोनदा वाकून आभार मानले.

तेव्हा महोदय, विनंती अशी की, गुरुवारपूर्वी, बागेत कोणी नसेल अशा वेळी, कुंपणाचे कुलूप अर्धा तास उघडून मिळावे. अर्ज निकाली काढण्यास आपल्याकडे सात कामाचे दिवस लागतात हे मला ठाऊक आहे. मी स्वतः असेच अर्ज हाताळत निवृत्त झालो. तरीही लिहितो आहे, कारण मी बायकोच्या वतीने शब्द दिला आहे, आणि ज्यांना दिला त्यांनीच ते बी उपटून टाकले आहे, हे ऑगस्टात त्यांच्या दारात उभे राहून मला सांगता येणार नाही.

आपल्या कुलपाच्या किल्लीची वाट पाहणारा,
आपला नम्र,

(सही)
तोकुरा इकुओ
वाफा क्र. १७ (कोरा)

सोबत :
१. वाफाधारक ओळखपत्राची छायाप्रत.
२. मुदतवाढीच्या मंजुरीची छायाप्रत.
३. कागदी पिशव्या, दोन. एकीवर माझे नाव आहे, दुसरीवर श्रीमती नेमोतो यांचे.